लॅपटॉप सुरूच होत नाही? दुकानात नेण्याआधीची वीस मिनिटं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बंद पडलेला लॅपटॉप टेबलावर घेऊन एकेक पायरी तपासली. त्याच पायऱ्या इथे क्रमाने लिहून देतोय. याची प्रिंट काढा आणि ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. ज्या दिवशी हा लेख लागेल त्या दिवशी तो वाचायला लॅपटॉप चालू नसणार, म्हणून कागदच हवा!

भोसरी असो, तळवडे असो की चाकण, आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. महावितरणची देखभाल-दुरुस्तीही बहुधा गुरुवारीच असते. त्यामुळे या गोष्टी कळतात शुक्रवारी सकाळी. शटर वर जातं, कंप्रेसर सुरू होतो, मशीनला हवा लागते आणि ऑफिसमधला लॅपटॉप मात्र ढिम्म. बाहेर टेम्पो भरून उभा असतो. बिल काढायचंय, ई-वे बिल काढायचंय, कंपनीच्या गेटवर मालाची वेळ ठरलेली आहे.

अशा वेळी मालक काय करतो? आधी दहा वेळा बटण दाबतो. मग कुणाला तरी सांगतो, "दुकानात टाक, फॉरमॅट मारून आण." हे दुसरं वाक्य महाग पडतं. लॅपटॉप नवीन मिळतो, बाजारात रांग लागलेली आहे. तुमचं टॅलीचं खातं, ड्रॉइंगच्या फाइल, सीएनसीचे प्रोग्रॅम, पार्टीचे रेट मात्र कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत. म्हणून आजच्या धड्याचा नियम एकच: आधी डेटा, मग लॅपटॉप. पुढची प्रत्येक पायरी याच नियमाने लावलेली आहे.

## पायरी ०: आधी टेम्पो सोडा

लॅपटॉपला हात लावायच्या आधी धंदा सुरू करा. डोक्यावर ड्रायव्हर उभा असेल तर कुणाचंही डोकं नीट चालत नाही.

ई-वे बिल हे पोर्टलवरचं काम आहे, ते तुमच्या लॅपटॉपमध्ये राहत नाही. मोबाईलच्या ब्राउझरवरूनही निघतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर मर्यादा १ लाख रुपये आहे, राज्याबाहेर जात असेल तर ५० हजार. लॉगिनला आता ओटीपी लागतो आणि तो नोंदवलेल्या मोबाईलवरच येतो. तो मोबाईल कुणाकडे आहे? दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटकडे तर नाही ना? हे आजच बघून घ्या.

बिलाचं काय? जीएसटीच्या नियमात बिलाचे नंबर सलग हवेत, पण एकापेक्षा जास्त सिरीज चालतात. नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, एवढंच. म्हणजे वेगळ्या सिरीजचं एक छापील बिलबुक कपाटात असेल तर हाताने बिल फाडून माल सोडता येतो. लॅपटॉप सुरू झाल्यावर ती बिलं टॅलीत चढवायची. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर हे चालणार नाही, कारण तुम्हाला ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. मग दुसऱ्या मशीनवरून किंवा सीएंच्या ऑफिसमधून काढून घ्या.

टेम्पो गेला? आता खुर्चीत बसा.

## पायरी १: बघा, ऐका, लिहा

"चालू होत नाही" हे काही दुखणं नाही. डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगितल्यासारखं ते आहे. नेमकं कुठे अडतंय ते बघा. लॅपटॉप सुरू होताना चार टप्पे असतात: वीज मिळते, मदरबोर्ड आणि रॅम जागे होतात, डिस्क सापडते, आणि शेवटी विंडोज चढतं. त्यामुळे अडण्याच्या जागाही चारच:

१. लाईट नाही, आवाज नाही, काहीच नाही.
२. लाईट लागते, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी.
३. कंपनीचा लोगो येतो, पुढे "नो बूटेबल डिव्हाइस" असा काहीतरी मेसेज.
४. विंडोज सुरू व्हायला लागतं आणि मध्येच निळी स्क्रीन, किंवा गोल फिरत राहतं.

तुमचा नंबर कोणता ते कागदावर लिहा. स्क्रीनवर जे दिसेल त्याचा मोबाईलने फोटो काढा. बीप वाजत असतील किंवा एखादी लाईट ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर मोजा. डेल, एचपीसारख्या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये या लुकलुकण्याला अर्थ असतो. दोनदा पिवळी, तीनदा पांढरी अशी मोजणी सांगितली की दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम होतं.

## नंबर १: काहीच नाही

लॅपटॉपवर शंका घेण्याआधी भिंतीवर घ्या. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाका, थेट सॉकेटला लावा. अॅडॅप्टरवर लाईट असेल तर ती लागते का बघा.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी घरगुती माणसाकडे नसते: मल्टिमीटर आणि तो वापरणारा इलेक्ट्रिशियन. अॅडॅप्टरच्या मागे आउटपुट व्होल्टेज छापलेलं असतं, बहुतेकदा १९ किंवा १९.५. गोल पिनचा अॅडॅप्टर असेल तर मोजून घ्या. शून्य आलं तर अॅडॅप्टर गेला, लॅपटॉप ठीक असू शकतो. टाइप-सी चार्जरवर मात्र असं मोजू नका. लॅपटॉप जोडल्याशिवाय तो पूर्ण व्होल्टेज देतच नाही, आणि चांगला चार्जर तुम्ही खराब ठरवाल. मोबाईलचा टाइप-सी चार्जर लावून "चालत नाही" म्हणणंही बरोबर नाही. लॅपटॉपला साधारण ४५ किंवा ६५ वॉट लागतात.

अॅडॅप्टर ठीक आहे? मग हे करा:

- अॅडॅप्टर काढा. पेनड्राइव्ह, माऊस, डोंगल, सगळं काढा.
- बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा.
- पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. घड्याळ लावून, अंदाजाने नाही.
- आता फक्त अॅडॅप्टर लावा आणि बटण एकदा दाबा.

आत अडकून राहिलेला चार्ज यामुळे निघून जातो. वीज गेली-आली की लॅपटॉप असा अडकणं नवीन नाही, आणि बरेच लॅपटॉप इथेच सुरू होतात.

एक धोक्याची सूचना. टचपॅड वर आलाय, खालचं झाकण फुगलंय किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग लगेच बंद. दाबू नका, टोचू नका, उघडू नका. ते काम माहितगारालाच द्या.

## नंबर २: लाईट आहे, स्क्रीन काळी

कॅप्स लॉक दाबा. त्याची लाईट लागते-विझते आहे? मग मशीन जिवंत आहे आणि बहुधा फक्त चित्र येत नाही. अंधारात मोबाईलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरा. पुसटसं काही दिसलं तर स्क्रीनच्या मागचा प्रकाश गेलाय, बाकी लॅपटॉप चालू आहे. एचडीएमआय केबलने ऑफिसचा टीव्ही किंवा मॉनिटर जोडा. चित्र आलं? थांबा, आनंदाने बिलं काढायला बसू नका. आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. मग काय ती बिलं.

कॅप्स लॉकही मेलेलं असेल तर शंका रॅमवर. वॉरंटी संपलेली असेल आणि हात बसलेला असेल, तर अॅडॅप्टर काढून, झाकण उघडून, आधी बॅटरीची आतली पिन सोडवून रॅम काढा. तिचे सोनेरी टोक साध्या खोडरबराने हलके पुसा, कण झटका, पुन्हा नीट बसवा. आपल्याकडे शेडमध्ये धातूचा बारीक चुरा आणि कूलंटचा तेलकट थर कुठेही पोचतो, त्यात पावसाळ्याचा ओलावा. कनेक्शन खराब होणं नवल नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट: लॅपटॉप शॉपच्या कंप्रेसरने साफ करू नका. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि प्रेशर इतकं की आतला छोटा पंखा भन्नाट फिरून खराब होतो. सीएनसीच्या टेबलाला जे चालतं ते मदरबोर्डला चालत नाही.

चहा किंवा पाणी सांडलं असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघणं हाच सगळ्यात मोठा धोका. अॅडॅप्टर काढा, बंद करा, उलटा ठेवा, दुरुस्तीला द्या.

## नंबर ३: डिस्क सापडत नाही

आधी बघा, एखादा पेनड्राइव्ह तर लावलेला नाही ना? मशीनला प्रोग्रॅम नेणारा पेनड्राइव्ह तसाच राहतो आणि लॅपटॉप त्यातून सुरू व्हायचा प्रयत्न करतो. काढा, पुन्हा चालू करा.

तरी नाही? चालू करताच बायोसमध्ये जा. एचपीला एफ१०, डेल, एसर, असूसला बहुतेक एफ२, लेनोवोला एफ१ किंवा एफ२. तिथे डिस्कचं नाव दिसतं का बघा.

- नाव दिसतं, पण तारीख-वेळ चुकलेली आहे: मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपली असेल आणि त्यामुळे सेटिंग बदलली असेल. दुरुस्ती छोटी आहे.
- नाव दिसतं, बाकी सगळं ठीक: डेटा बहुधा शाबूत आहे, विंडोजची सुरुवातीची फाइल बिघडली आहे. फॉरमॅटला नाही म्हणा.
- नाव दिसत नाही: डिस्क सैल झालीय किंवा गेलीय.

जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि आतून टिक-टिक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर इथेच थांबा. प्रत्येक वेळी चालू कराल तेव्हा डेटा आणखी घासला जातो. हे काम गल्लीतल्या दुकानाचं नाही, डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. एसएसडीला आवाज नसतो, ती बहुतेकदा सूचना न देता जाते.

## नंबर ४: विंडोज मध्येच अडतं

निळी स्क्रीन दिसली की लोकांना वाटतं मशीन संपलं. तसं नसतं, हे सगळ्या जगाने एका शुक्रवारी बघितलं.

१९ जुलै २०२४. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक चुकीचं अपडेट पाठवलं आणि विंडोजची मशीन निळी पडायला लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. विमानतळं अडकली. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. यात किती लॅपटॉप खराब झाले होते? या अपडेटने एकाही मशीनचं हार्डवेअर मोडलेलं नव्हतं. डिस्क ठीक होती, डेटा जागेवर होता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की मशीन परत सुरू होत होतं. त्या सकाळी ज्याने घाईने फॉरमॅट मारला असेल, त्याने धडधाकट डेटा स्वतःच्या हाताने पुसला.

तुमच्या शॉपमध्ये ते सॉफ्टवेअर बहुधा नसेल. पण पद्धत तीच. विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा मेनू येतो. त्यात या क्रमाने जा:

१. स्टार्टअप रिपेअर
२. अनइन्स्टॉल अपडेट्स (काल-परवा अपडेट झालं असेल तर)
३. सिस्टम रिस्टोअर
४. सेफ मोड. यात सुरू झालं तर आधी बॅकअप, मग पुढचं.

त्याच मेनूत "रिसेट धिस पीसी" असतं. बॅकअप हातात नसेल तर त्याला हात लावू नका. "रिमूव्ह एव्हरीथिंग" सगळं पुसतं. "कीप माय फाइल्स" तुमच्या फाइल ठेवतं, पण प्रोग्रॅम काढून टाकतं. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे नक्की माहीत नसताना यावर विसंबू नका.

## ४८ आकड्यांची किल्ली कुणाच्या खिशात आहे?

आता आजच्या धड्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. दुरुस्तीच्या मध्येच कधी कधी निळी स्क्रीन विचारते: बिटलॉकर रिकव्हरी की टाका. ४८ आकडे. क्राउडस्ट्राइकच्या वेळीही कित्येक मशीन यामुळेच अडकली.

हे काय आहे? नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. लॅपटॉप चोरीला गेला तरी डेटा वाचता येऊ नये, हा उद्देश चांगला आहे. पण कुलपाची ओळख मदरबोर्डवरच्या एका चिपशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला, कधी बायोस अपडेट झालं, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, की ते किल्ली मागतं. किल्ली नाही म्हणजे डेटा नाही. इथे कुठलाही रिकव्हरीवाला तुम्हाला वाचवू शकत नाही.

किल्ली असते कुठे? बहुतेकदा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, त्या अकाउंटवर. आणि आपल्याकडे पहिल्यांदा सुरू कोण करतं? दुकानातला मुलगा स्वतःच्या ईमेलने करून देतो, किंवा अकाउंटंट त्याच्या. म्हणजे तुमच्या धंद्याच्या तिजोरीची किल्ली अशा माणसाच्या ईमेलमध्ये आहे, ज्याला ती आपल्याकडे आहे हेच माहीत नाही. पार्टी मोठी असो की छोटी, हा धोका सारखाच.

आज लॅपटॉप चालू आहे तोवर हे करा: सर्चमध्ये "मॅनेज बिटलॉकर" किंवा सेटिंगमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" उघडा. चालू दिसलं तर की शोधून घ्या, मालकाच्या अकाउंटवर आणा, कागदावर छापा, आणि तो कागद मशिनरीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नाही!

## दुकानात द्यायची वेळ आलीच तर

- जॉब कार्डवर स्वतःसमोर लिहून घ्या: "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये."
- सिरियल नंबरचा फोटो काढा. पायरी १ चा कागद सोबत द्या.
- शक्य असेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा आणि फक्त लॅपटॉप द्या. स्क्रीन किंवा चार्जिंगच्या दुरुस्तीला डिस्क लागत नाही. वॉरंटी असेल तर आधी कंपनीला विचारा.
- डिजिटल सिग्नेचरचा डोंगल काढून घ्या. तो तुमच्या सहीसारखा आहे.
- मदरबोर्ड बदलायचा म्हणाले तर आधी विचारा: बिटलॉकर की आपल्याकडे आहे का?

टॅलीच्या लायसन्सची काळजी नको. सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल तुमच्याकडे असेल तर ते नव्या मशीनवर पुन्हा सक्रिय करता येतं. पण लायसन्स आलं म्हणून डेटा येत नाही, हे लक्षात ठेवा.

## बुधवार संध्याकाळचा नियम

जीएसटी कायद्यात हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी नियमांनुसार हिशेबाचा बॅकअप रोज घ्यायचा असतो, तोही भारतातल्या सर्व्हरवर. "लॅपटॉप बंद पडला साहेब" हे उत्तर नोटिशीला चालत नाही.

म्हणून सोपी सवय लावा. बुधवारी संध्याकाळी, गुरुवारच्या सुट्टीआधी, शटर ओढायच्या आत:

१. टॅलीचा बॅकअप, ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्रॅम बाहेरच्या डिस्कवर. मशीनच्या कंट्रोलरमध्ये सगळे प्रोग्रॅम असतात असं धरू नका. तिथे फक्त चढवलेले असतात.
२. डिस्क लॅपटॉपपासून काढा. लावलेली राहिली तर व्हायरस तीही घेऊन जातो.
३. डिस्क मालकाच्या घरी जाते. शेडमध्ये राहत नाही.
४. लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि प्लग काढा. गुरुवारी लाईट जाऊन-येऊन झटका बसू नये.

रोजच्या कामासाठी क्लाउडवर एक प्रत असू द्या. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर तो बॅकअप उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेला जॉब. गेज लावल्याशिवाय तुम्ही माल पास करता का?

## या आठवड्याचा गृहपाठ

तीन प्रश्न, उत्तरं कागदावर:

१. आमची बिटलॉकर की कुठे आहे?
२. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि त्याची शेवटची प्रत कुठल्या तारखेची?
३. ई-वे बिलाचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

तिन्ही उत्तरं पाच मिनिटांत आली तर तुमचा लॅपटॉप उद्या बंद पडला तरी फक्त लॅपटॉपच बंद पडेल, काम नाही. एकाचंही उत्तर अडलं, तर आजचं पहिलं काम तेच.

भेटूया पुढच्या धड्यात.